लेकीच्या अंगठ्याचं नखुरडं, शेकण्यापासून पू काढेपर्यंत

नखुरडं मोठ्या माणसाला झालं की तो बोट वर धरून फिरतो, ठणका लागला की सांगतो, फारच झालं तर आपला आपण दवाखाना गाठतो. पावणेदोन वर्षांच्या पोराला झालं की ह्यातलं काहीच होत नाही. ते नुसतं रडतं, चिडतं, जेवायला तोंड उघडत नाही, आणि घरातले सगळे दात येतायत का, पोट दुखतंय का, दृष्ट लागली का ह्यातच अडकून राहतात. यंदाच्या पावसाळ्यात माझ्या लेकीला झालं. तेव्हा रात्री मोबाईल हातात घेऊन मी जे शोधत होते ते मला एका जागी आणि आपल्या भाषेत मिळालं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, आम्ही ज्यातून गेलो आणि आम्हाला जे समजावून सांगितलं गेलं तेवढंच लिहीन.

आमची लेक अंगठा चोखते. उजवाच, आणि झोपताना तर हवाच. ती रात्री झोपायच्या वेळी अंगठा तोंडात घालायची, लगेच बाहेर काढायची आणि रडायची, परत घालायची परत काढायची, शेवटी डावा अंगठा तोंडात घातला पण त्याने काही तिचं समाधान होईना. बाकी ताप नाही, सर्दी नाही. मग दिव्याखाली हात धरून नीट बघितलं तर उजव्या अंगठ्याच्या नखाची एक कड लाल झालेली, जरा फुगलेली, चकचकीत, आणि बाकीच्या बोटांपेक्षा गरम. हात लावू देईना. त्यामुळे चोखणारं मूल असेल आणि अचानक अंगठा बदलला किंवा चोखणंच बंद केलं तर आधी बोट बघा, मला वाटतं हीच सगळ्यात लवकर कळणारी खूण आहे. आणि न चोखणारं मूल असेल तर ते खेळणं एकाच हाताने धरतं, एका हाताने खायचं टाळतं, बाहीत हात चढवताना ओरडतं, तिथे लक्ष जायला हवं.

आम्ही चिपळूणला राहतो. इथल्या पावसात आषाढ-श्रावणात काहीही वाळत नाही, कपडे नाहीत आणि पोरांचे हातही नाहीत. पडवीत बसून पागोळ्यांखाली हात धरणं हा तिचा दिवसभराचा उद्योग, उरलेल्या वेळात अंगठा तोंडात. डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं की नखाच्या मुळाशी जी पातळ कातडीची पट्टी नखाला घट्ट चिकटलेली असते ना, ती म्हणजे दाराला लावलेला रबर, आत पाणी आणि जंतू जाऊ देत नाही. हात सतत ओले राहिले की ती मऊ पडते, सुटते, त्यात नखाच्या कडेला एखादं सालपट निघालं किंवा मुलाने ते दाताने ओढलं की तेवढी फट पुरते. जंतू बाहेरून कुठून यायला लागत नाहीत, आपल्या कातडीवरच असतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस, कधी स्ट्रेप्टोकोकस. चोखणाऱ्या मुलांमध्ये तोंडातले जंतूही त्यात मिसळतात, आणि ह्या एका गोष्टीमुळे पुढे औषध कुठलं द्यायचं ते बदलतं. म्हणून डॉक्टरांना मूल अंगठा चोखतं हे न विचारता सांगा.

हे मुद्दाम लिहितेय कारण शेजारपाजारच्या बायकांनी लगेच सुरू केलं, की हात धुत नसाल, नखं वाढली असतील. तिची नखं कापलेली होती. स्वच्छ घरातल्या स्वच्छ पोरांनाही हे होतं, आणि आईच्या मागे लागून काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई लिंबू घेऊन आल्या. आपल्याकडे नखुरड्यावर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, लिंबाला भोक पाडायचं आणि ते बोटात टोपीसारखं घालून ठेवायचं. त्यांनी स्वतः केलेला, त्यांच्या आईने केलेला. मी त्यांना एवढंच म्हटलं की आई, ती तो अंगठा तोंडात घालणार, डोळ्यात घालणार, आणि कडेची कातडी सोललेली आहे तर झोंबेल किती. त्यांना पटलं, लगेच पटलं, कारण नातीला झोंबेल हे त्यांनाही नकोच होतं. शेजारच्या एका काकूंनी चुना आणि गूळ लावायला सांगितला. चुन्याला मात्र मी सरळ नाही म्हटलं आणि सगळ्यांना सांगेन की लहान मुलाला चुना अजिबात लावू नका, खायच्या चुन्याने नाजूक कातडी भाजते आणि तो बोटावरून तोंडात आणि डोळ्यात जातो. तसंच मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नसतो, मग चोखायच्या बोटाला तरी कसा लावणार.

पण सासूबाईंचं एक म्हणणं होतं, शेक द्या. आणि डॉक्टरकडे गेल्यावर डॉक्टरांनी जे पहिलं सांगितलं ते पण शेकच. त्यामुळे घरात वाद असा काही राहिलाच नाही, उलट शेकायचं सगळं खातं सासूबाईंनीच घेतलं आणि माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं केलं.

डॉक्टर मॅडमनी खूप वेळ नुसतं विचारलंच. कधीपासून, ताप आला का, अंगठा चोखते का, आधी असं कधी झालंय का, तोंडात फोड आलेत का, आणि घरात कुणाच्या ओठावर गेल्या काही दिवसांत पुटकुळ्या उठल्या होत्या का. हा शेवटचा प्रश्न मला कळलाच नाही तेव्हा त्यांनी सांगितलं की हर्पिसचा विषाणू असतो, मोठ्या माणसाच्या ओठाच्या कडेला पुटकुळ्या येतात तो, त्या माणसाने बाळाच्या बोटाची पापी घेतली किंवा बाळालाच तोंडात फोड आले असतील आणि ते अंगठा चोखत असेल तर तो बोटात शिरतो. दिसायला नखुरड्यासारखंच लाल, सुजलेलं, पण त्यात बारीक बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका असतो, पू नसतो. ते कापायचं नसतं. कापलं तर विषाणू पसरू शकतो आणि वर दुसरं इन्फेक्शन होतं, औषधही वेगळं. आमच्या लेकीला तसे फोड नव्हते. पण सुईने घरच्या घरी टोचून बघणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटलं.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली, अंगठ्याच्या पुढच्या मऊ भागावर, म्हणजे नखाच्या उलट्या बाजूला, हलकं दाबलं आणि नखाच्या कडेकडे बघत राहिल्या. आत पू साठला असेल तर दाबल्यावर तेवढा भाग ठळक पांढरा पडतो आणि पुवाची जागा कळते. आमच्याकडे तसं काही दिसलं नाही, नुसती लाली आणि सूज. त्या म्हणाल्या, “अजून पू झालेला नाही, त्यामुळे कापायचं काही नाही. शेका, मलम लावा आणि लक्ष ठेवा.” सगळं गणित ह्या एका गोष्टीवर आहे हे मला तिथे कळलं. पू व्हायच्या आधी शेक आणि मलम ह्यानेच बरीचशी नखुरडी बसतात. एकदा पू साठला की नुसत्या औषधाने भागेलच असं नाही, त्याला वाट करून द्यावी लागते, आणि पू नसताना कापून उपयोग नाही. आपण आईबाप दोन्ही टोकांना जातो, एक तर लगेच कापून टाका म्हणतो नाहीतर पार पिकला तरी औषधाने जाईल म्हणून बसतो.

शेक म्हणजे कोमट पाण्यात बोट बुडवणं, १० ते १५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. साधं पाणी चालतं, मीठ घालायलाच हवं असं नाही. पाणी किती गरम हे बोटाने बघू नका असं मॅडमनी सासूबाईंना सांगितलं, “आजी, तुमचे हात चुलीला सरावलेले, तुम्हाला जे कोमट वाटेल ते हिला चटका देईल, कोपर बुडवून बघा.” हे मला इतकं पटलं. लहान मुलाची कातडी पातळ असते, मोठ्यांना सहज सोसणाऱ्या पाण्याने ती भाजू शकते. पोटीस बांधायची असेल तर तीच भीती, कणीक आतून गरम राहते आणि कळत नाही, म्हणून आम्ही पोटिसाच्या वाटेला गेलोच नाही.

आता १५ मिनिटं पावणेदोन वर्षांचं मूल एका भांड्यात बोट बुडवून बसेल का. नाही बसत. सासूबाईंनी पसरट पातेलं घेतलं, त्यात दोन झाकणं, एक चमचा, एक छोटी वाटी टाकली आणि तिला म्हणाल्या मला वाटी भरून दे, परत ओत, परत भरून दे. दोन्ही हात पाण्यात. पाणी गार झालं की थोडं थोडं बदलायचं, ती हात बाहेर काढून बसल्यावर, वरून गरम ओतायचं नाही. नंतर मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडं करायचं, हे तितकंच महत्त्वाचं, नाहीतर शेकायच्या नावाखाली परत ओलंच.

मलम मुपिरोसिनचं दिलं होतं. चोखणाऱ्या अंगठ्याला मलम कसं लावायचं हा मोठा प्रश्न, लावलं की दोन मिनिटांत तोंडात. ती गाढ झोपली की पातळ थर लावायचा, आणि दिवसा शेकून झाल्यावर तिला कशात तरी गुंतवून तेवढा वेळ हात धरून बसायचं. वरून बँड-एड लावू का विचारलं तर मॅडम नाही म्हणाल्या, तोंडात हात घालणाऱ्या मुलाची पट्टी सुटून घशात अडकू शकते. दोरा गुंडाळून फडकं बांधणं तर अजिबातच नको. हातमोजे घालायचे असतील तर आधी उलटे करून आतले सुटे धागे कापून टाका, कारण असा धागा किंवा लांब केस बाळाच्या बोटाला विळखा घालून बसला तर रक्तपुरवठा बंद होतो, बोट सुजून निळं-लाल पडतं, आणि ते नखुरड्यासारखं दिसूनही प्रकरण वेगळंच आणि तातडीचं असतं. बोट बघताना एखादी बारीक रेघ गोल फिरलीय का तेही बघा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, वजनावर. इथे एक सांगते. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली ह्यांची ताकद वेगळी असते, थेंबांमध्ये साधारण १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५०. म्हणजे थेंब हे सिरपच्या मापाने दिले तर भलताच डोस जातो. चिठ्ठीवर जी बाटली लिहिलीय तीच घ्या आणि तिच्याबरोबर आलेलं मापच वापरा.

औषधं घ्यायला गेले तेव्हा मेडिकलवाल्याने अंगठा बघून चिठ्ठीव्यतिरिक्त एक ट्यूब पुढे केली, हे लावा लगेच उतरेल म्हणून. मी ट्यूबवरचं वाचलं, त्यात बुरशीचं औषध, ॲंटिबायोटिक आणि स्टेरॉइड तिन्ही एकत्र. अशा ट्यूब आपल्याकडे खाज, गजकर्ण, पुरळ, सगळ्याला सर्रास दिल्या जातात. स्टेरॉइडने लाली पटकन उतरल्यासारखी दिसते पण आत जंतूंना मोकळं रान मिळतं आणि खरं काय चाललंय ते झाकलं जातं. मला ह्या गोष्टीचा राग येतो. लहान मुलाच्या बोटाला डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय अशी ट्यूब लावू नका एवढंच सांगेन.

शेकत होतो, मलम लावत होतो, आणि मधे एक दिवस खरंच कमी वाटलं. पण मग एका रात्री ती सारखी उठत होती, हात उंच धरला की जरा शांत, खाली केला की रडायची. ठणका हृदयाच्या ठोक्याबरोबर लागतो म्हणतात तो असणार, हात वर ठेवला की कमी होतो. मी तिला खांद्यावर घेऊन तिचा हात माझ्या मानेवर ठेवून बसून राहिले. सकाळी बघितलं तर नखाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट-पिवळा ठिपका, कातडी ताणलेली. अंगात थोडी कसर होती, ९९ च्या वर, ताप म्हणावा असा नाही. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की पांढरं-पिवळं दिसलं, ताप आला, लाली बोटाच्या सांध्याच्या खाली उतरली, हातावर लाल रेघ वर चढताना दिसली, काखेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, आलं किंवा बोटाचं पूर्ण टोक घट्ट टणक झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं. ते शेवटचं, म्हणजे टोक टणक होणं, ते इन्फेक्शन बोटाच्या गरात उतरल्याचं लक्षण, ते नखुरड्याच्या पुढचं. त्यामुळे आम्हाला ठरवायला वेळ लागला नाही, उठलो आणि गेलो.

मधे सासूबाईंनी विचारलं होतं की आपणच दाबून काढू का, आता वरच आलाय. दाबायचं नाही. पू बाहेर येतो तसा आतही ढकलला जातो, नखाखाली जातो, आणि मुलाला जीवघेण्या कळा. सुई गरम करून टोचणं हेही नको, गरम केलेली सुई म्हणजे दवाखान्यातलं निर्जंतुक हत्यार नव्हे, आणि हलणाऱ्या मुलाच्या बोटात ती किती आत जाईल ह्याचा काही भरवसा नसतो.

मॅडमनी सर्जनकडे पाठवलं. कापणार म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले होते, नवऱ्याचेही. भूल देणार का, ॲडमिट करणार का, टाके पडणार का, नख काढणार का. सर्जननी चारही प्रश्नांना नाही म्हणून उत्तर दिलं आणि प्रत्येकाचं कारण सांगितलं ह्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. पू अगदी कडेला वर आलेला होता, तिथली कातडी पुवाने आधीच मेल्यासारखी पातळ झालेली असते, तिथे फार दुखत नाही. बधिर करणारं क्रीम लावून वरून पारदर्शक पट्टी लावली आणि तासभर थांबवलं, ते क्रीम चढायला तेवढा वेळ लागतोच. ती पट्टी तिने तोंडात घालू नये म्हणून तो तासभर नवऱ्याने तिचा हात हातात धरून ठेवला. पू खोल असता तर बोटाच्या मुळाशी बधिर करायचं इंजेक्शन द्यावं लागलं असतं. नखाच्या बरंच खाली गेला असता तर नखाची थोडी कड उचलावी किंवा कापावी लागली असती.

मग तिला दुपट्यात गुंडाळलं, आजारी हात तेवढा बाहेर. नवऱ्याने मांडीवर धरलं, मी तिच्या तोंडासमोर बसून गाणी म्हणत होते. सर्जननी बारीक पात्याचं टोक नखाला समांतर धरून, कड आणि नख ह्यांच्या मधल्या फटीत सरकवलं आणि कड थोडी उचलली. माझ्या कल्पनेत उभा छेद होता, तसं काही नव्हतं. पू आला, थोडं रक्त आलं, सलाईनने धुतलं, गॉज धरलं, झालं. गुंडाळायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा कमी वेळात काम झालं. ती रडली, पण ती गुंडाळल्याबद्दलच जास्त रडली असं मला वाटतं, कारण सोडल्याबरोबर थांबली. आणि गाडीत बसल्यावर झोपली. आत दाबून बसलेला पू निघाला की ठणका लगेच थांबतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते, म्हणून तुम्हाला सांगतेय.

धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का असं सासरे विचारत होते. लसीकरणाचं कार्ड बघून डॉक्टरांनी नको सांगितलं, दीड वर्षाच्या सुमारास त्रिगुणीचा बूस्टर मिळतो, त्यात धनुर्वाताची लसही असते, तो तिला दिलेला होता. कार्ड बरोबर न्या, हा प्रश्न येतोच.

पू काढल्यावर प्रत्येकाला पोटातून ॲंटिबायोटिक लागतं असं नाही, कडेला साधा पू असेल आणि तो पूर्ण निघाला तर बऱ्याचदा नाही देत. आमच्या लेकीला दिलं, कारण चोखण्यामुळे तोंडातले जंतू असण्याची शक्यता आणि आजूबाजूला लाली पसरलेली. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं सिरप होतं, ते दोन्ही प्रकारच्या जंतूंवर चालतं म्हणून. त्याने जुलाब होऊ शकतात हे आधी सांगितलं होतं आणि झालेच, पातळ शी दिवसातून बऱ्याचदा. खाण्याबरोबर द्यायला सुरुवात केली, ताकभात, पेज असं देत राहिलो, ढुंगणाला लाली येऊ नये म्हणून खोबरेल, आणि औषध मधेच सोडलं नाही. दिवस पूर्ण होईपर्यंत दिलं. ही सिरपं पाणी घालून तयार करायची असतात आणि तयार केल्यावर फ्रीजमध्ये ठेवायची, आणि आमच्याकडे पावसात लाईट जाते, तर तेवढा वेळ बाटली माठाशेजारी ठेवून भागवलं, फ्रीज सुरू झाला की परत आत.

शेक परत सुरू, दुसऱ्या दिवसापासून. मला वाटलं होतं की जखमेला पाणी लागू द्यायचं नसतं. इथे उलट असतं, ती फट लगेच बंद झाली तर आत राहिलेला पू परत साठतो, म्हणून कोमट पाण्यात बुडवत राहायचं म्हणजे ती मोकळी राहते आणि आतून बाहेर भरत येते. गॉजची पट्टी पहिल्या रात्रीपुरती होती, आणि ती रात्र आम्ही दोघांनी आळीपाळीने जागून काढली कारण ती तोंडात जायला नको. नंतर कडेची कातडी साल निघाल्यासारखी निघाली. ती ओढायची नाही, आपोआप पडते.

मग बऱ्याच दिवसांनी नखाच्या मुळाशी एक आडवी खाच दिसायला लागली आणि मी परत घाबरले. मॅडमनी समजावलं की नख जिथे तयार होतं तिथे सूज होती म्हणून तेवढा काळ नख नीट बनलं नाही, ती खाच नखाबरोबर पुढे सरकत जाईल. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे काही महिन्यांत ती टोकाला येऊन कापली जाते. तशीच सरकतेय.

त्यांनी आणखी एक सांगितलं जे आमच्या ओळखीतल्या एका पोराला झालं होतं. हात-पाय-तोंडाचा तो विषाणूचा आजार, पाळणाघरात एकाला झाला की सगळ्यांना होतो, तो बरा झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी काही मुलांची नखं मुळापासून सुटून गळतात. दुखत नाही, लाली नाही, पू नाही. खालून नवीन नख येत असतं. त्या पोराच्या आईने इन्फेक्शन समजून दोन वेळा ॲंटिबायोटिक दिलं होतं, त्याची काही गरज नव्हती.

अंगठा सोडवायचं काय, हे सगळेच विचारतात. कडुलिंब लाव, मिरची लाव, कोरफड लाव. जखम असलेल्या बोटाला तर नाहीच, पण जखम भरल्यावरही मी मिरची लावणार नाही, ती डोळ्यात जाते. डॉक्टरांचं म्हणणं असं की बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या मधे आपोआप सोडतात, ह्या वयात मागे लागलं की उलट जास्त धरतात. आम्ही काय करतो तर ती गाढ झोपली की अंगठा हळूच बाहेर काढून कोरडा पुसतो, दिवसा हाताला काम देतो, आणि पागोळ्या बंद केलेल्या नाहीत, पण घरात आल्यावर बोटं एकेक करून पुसायचा खेळ सासूबाईंनी काढलाय. नखाच्या कडेला सालपट दिसलं तर ते ओढायचं नाही, छोट्या कात्रीने मुळाशी कापायचं. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात आत घुसून नाही, आणि अंघोळीनंतर कारण तेव्हा मऊ असतात.

जर सहा आठवडे झाले तरी कड सुजलेलीच राहिली, फार दुखत नाही, पू नाही, पण नखाच्या मुळाशी ती चिकटलेली पट्टीच उरलेली नाही, तर ते जुनाट नखुरडं, सततच्या ओलाव्याने होतं आणि त्यात कॅन्डिडा बुरशीही सापडते. त्याचा उपचार वेगळा, मुख्य म्हणजे कोरडं ठेवणं आणि डॉक्टर देतील ते मलम. तिथे ॲंटिबायोटिक परत परत देऊन काही होत नाही.

ह्या सगळ्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या जावेचा फोन आला. तिचं बाळ तेव्हा जेमतेम महिन्याचं, आणि त्याच्या बोटाच्या नखाची कड लाल. एवढ्या बाळाची नखं पातळ आणि मऊ असतात, बोटाच्या कातडीला चिकटलेली असतात, त्यामुळे कापताना कातडी चिमटीत येते. आणि आपल्याकडे बाळाची नखं आई दाताने कुरतडून काढते, म्हणजे आपल्या तोंडातले जंतू थेट तिथे. मी तिला पहिलं विचारलं की दूध नीट पितंय का आणि ताप आहे का, कारण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे कारण बोटाचं असो नाहीतर काही असो, घरी थांबायचं नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तर ताप नसला तरी. एवढ्या लहान बाळाला पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायचं नाही. ताप नव्हता, दूध पीत होतं. तरी मी तिला त्याच दिवशी दाखवून घ्यायला लावलं, महिन्याच्या बाळाच्या बाबतीत फोनवर ऐकून शेक दे म्हणायची माझी तयारी नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी अंगावर दुसरीकडे कुठे फोड-पुळ्या नाहीत ना हे बेंबीपासून काखेपर्यंत तपासलं, कोमट पाण्याच्या कापडाचा शेक आणि मलम दिलं, पायाची नखं पण बघितली. पायाच्या अंगठ्याचं नख कातडीत रुतल्यासारखं दिसतं ते ह्या वयात बऱ्याच बाळांचं दिसतं, लाल नसेल तर काही करायचं नाही, फक्त पायमोजे घट्ट नकोत असं सांगितलं. बोटाची लाली बसली, पू झालाच नाही. आता बाळ दूध पिऊन झोपलं की ती त्याची नखं मऊ फाईलने घासते, कात्री तिने अजून हातात घेतलेली नाही.